कात्री कोणावर चालते?

विद्यार्थ्यांनी संगीताला वाहिलेला एखादा अंक स्वतः काढावा, छायाचित्रेही स्वतःच घ्यावीत, ही गोष्ट आम्हांस वक्तृत्वस्पर्धेइतकीच मोलाची वाटते. मात्र त्या छायाचित्रांवर संगणकात जे संस्कार होतात, त्यांविषयी शिक्षकांनी मौन बाळगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लेखातला शब्दन् शब्द आपण तपासतो. छायाचित्र मात्र ‘छान दिसते’ एवढ्याच शिफारशीवर छपाईला जाते.

भीमगीतांच्या गायनपार्टीचे छायाचित्र घ्या. मधोमध मुख्य गायक, शेजारी पेटी आणि ढोलकी, मागे कोरसची रांग. छायाचित्र आडवे, मुखपृष्ठ उभे; साहजिकच पहिली कात्री चालते ती ढोलकीवाल्यावर आणि कोरसवर. आंबेडकरी जलसा ही एकट्याची कला कधीच नव्हती. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी वाड्यावस्त्यांवर पोहोचली, त्यात अशा पार्ट्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांतल्या झील धरणाऱ्यांची नावे आज शोधूनही मिळत नाहीत. मुखपृष्ठासाठी उभे छायाचित्र हवे असेल तर ते वेगळे घ्यावे. रिकामी बाजू खुशाल कापावी. माणूस कापू नये.

दुसरा संस्कार अधिक सूक्ष्म आहे. सावळा चेहरा एका बटणाने गोरा होतो, आणि मुलांना त्यात काही गैर वाटत नाही, कारण मोबाईलचा कॅमेरा पुष्कळदा न विचारताच तसे करतो. येथे थोडे तंत्र समजावून द्यावे लागते. स्वयंचलित कॅमेरा समोरचे दृश्य सरासरी मध्यम उजेडाचे धरून चालतो; पाठीमागे चुन्याची पांढरी भिंत असेल तर तो एकूण प्रकाश कमी करतो आणि काळा चेहरा अधिकच काळवंडतो. दोष चेहऱ्याचा नसतो. कोडॅक कंपनीच्या रंगीत छपाईचा मेळ दीर्घकाळ ‘शर्ली’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोऱ्या स्त्रीच्या नमुनाचित्रावरून घातला जाई, हे मुलांना अवश्य सांगावे. उपाय सोपा आहे: प्रकाशाचे माप चेहऱ्यावर घ्यावे, छायेचा भाग थोडा उजळावा, डोळे आणि कपाळावरचा घाम दिसू द्यावा. चेहरा दिसता करणे वेगळे आणि गोरा करणे वेगळे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली वारला. त्याची छायाचित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांपैकी एकात त्याच्या ओठांत सिगारेट आहे. १९९४ साली त्यावरून टपाल तिकीट काढताना ती सिगारेट पुसण्यात आली. तिकिटावरचे ते रंगवलेले चित्र होते, असे कोणी म्हणेल, आणि हेतू आरोग्याचा होता, असेही म्हणेल. आम्हांस तरीही तो पुरावा बिघडवण्याचाच प्रकार वाटतो. आमच्या शाहिरांच्या अंगावरचा विटलेला सदरा, माईकला गुंडाळलेली चिकटपट्टी, मागची ताडपत्री, ही सारी पुसण्याची इच्छा मुलांना होते. ती तशीच राहू द्यावी. धुळीचा ठिपका काढावा, तिरपी चौकट सरळ करावी, मूळ प्रत वेगळी जपावी.

राहता राहिली छायाचित्राखालची ओळ. ‘गायक व सहकारी’ असे लिहून भागणार नाही. प्रत्येकाचे नाव व गाव कार्यक्रम संपताक्षणी वहीत टिपून घ्यावे. पार्टी एकदा टेम्पोत बसली की ते राहूनच जाते.