हिशेबाची किल्ली आपल्याच कनवटीला!

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखून नव्या हिशेबाचा श्रीगणेशा करण्याची परंपरा महाराष्ट्रातील व्यापारी कुटुंबांत अजून टिकून आहे. वही म्हणजे केवळ आकड्यांचे बाड नव्हे. ती व्यवसायाची स्मृती आणि सचोटीची साक्ष. म्हणूनच ती तिजोरीत राही आणि तिजोरीची किल्ली मालकाच्या कनवटीला. रोजकीर्द-खतावणी संगणकात गेली, तरी किल्ली कोणाकडे, हा प्रश्न संपलेला नाही.

एका संगणकावर वर्षानुवर्षे चालणारी हिशेबप्रणाली आता अनेक लघुउद्योजकांना अपुरी पडते. दुसरे गोदाम उघडले, दोघांना एकाच वेळी नोंदी करावयाच्या झाल्या, की तिची मर्यादा उघडी पडते. त्यात कायद्याची भर. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला. 1 एप्रिल 2023 पासून, प्रत्येक नोंदीतील फेरफाराचा माग ठेवणारी प्रणाली कंपन्यांना अनिवार्य झाली. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यावसायिकांना ई-बीजक बंधनकारक झाले. तेव्हा जुनी प्रणाली बदलणे किंवा ती दूरस्थ सर्व्हरवर भाड्याने ठेवणे, यांपैकी एक मार्ग धरावाच लागतो. बदलाला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु ‘सारे आमच्यावर सोपवा’ या विक्रेत्याच्या आश्वासनावर विसंबून वही परक्याच्या घरी ठेवणे, हे शहाणपण नव्हे.

जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादल्यानंतर नायरा एनर्जी या भारतात तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीची सेवा मायक्रोसॉफ्टने खंडित केली. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. मोठी कंपनी न्यायालयात जाऊ शकली. भोसरीचा सुटे भाग बनवणारा कारखानदार किंवा इचलकरंजीचा यंत्रमागधारक कोठे जाणार?

या क्षेत्रात भारतीय पर्यायांची वानवा नाही. वडिलांच्या व्यवसायाला साजेशी प्रणाली मिळेना, म्हणून भरत गोएंका यांनी ती स्वतः लिहिली. त्यातूनच 1986 मध्ये बेंगळुरूत ‘टॅली’चा पाया घातला गेला. ‘झोहो’ही भारतीयच. मात्र स्वदेशी म्हणजे केवळ नाममुद्रा नव्हे. स्वदेशी प्रणालीची चोरटी प्रत वापरणारा स्वदेशीचा पुरस्कर्ता ठरत नाही. तो आपल्याच बांधवाचे श्रम लुबाडतो. आणि भारतीय सेवादाराकडेही किल्ली आंधळेपणाने सोपवावयाची नसते.

म्हणून करार लेखी असावा. माहिती भारतातील सर्व्हरवरच राहील, सेवा सोडताना ती वाचता येईल अशा स्वरूपात किती दिवसांत परत मिळेल, हे त्यात स्पष्ट असावे. संगणकीय हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहेच. एकल मालकाने ते स्वतःहून पाळावे. एक प्रत आपल्या कपाटातही असावी, आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून तपासावे. स्थलांतर 1 एप्रिलला करावे, जुन्या-नव्या तेरजा ताडून पाहाव्यात, महिनाभर दोन्ही प्रणाली समांतर चालवाव्यात. जुनी प्रणाली लगेच मोडीत काढू नये; वस्तू व सेवा कर कायद्यानुसार, वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने हिशेब जपावे लागतात.

राष्ट्राचे आर्थिक स्वावलंबन केवळ मोठ्या प्रकल्पांतून उभे राहत नाही. ते गल्लीतील पेढीवर, छोट्या कारखान्याच्या कचेरीत रोज घडत असते. वहीची पूजा करणाऱ्या समाजाने वहीचे स्वामित्वही राखले पाहिजे. पूजेचा खरा अर्थ तोच!