आठवणीला भाव काय?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच एक काडी टाकली. "हिरकणीवाडीच्या आजीच्या हातची नाचणीची भाकरी कुणाकुणाला आठवते?" झालं! रात्री बारापर्यंत फोन वाजत होता. पुण्याचा मावसभाऊ, नालासोपाऱ्याची मावशी, दुबईतला तिचा मुलगा, सगळे एकदम आजोळी पोचले. कुणाला चुलीच्या वैलावर रटरटणारी कुळथाची पिठी आठवली, कुणाला निखाऱ्यावर भाजलेला बोंबील. ज्याने लहानपणी भाकरी बघून तोंड वेंगाडलं होतं (नाव घेत नाही, तो वाचतो इथे :) ) त्याने तर डोळ्यात पाणी आणणारी बाहुलीच पाठवली.

मामी ग्रुपवर नाही. तिच्याकडे साधा फोन. मामेभावाने तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "येवडी आठवण येते ना, मग यंदा वरकसात लावणीला कोण येतंय त्येवडं इचार." त्याने ते तसंच्या तसं ग्रुपवर टाकलं.

त्यानंतर ग्रुप जो शांत झाला तो दुसऱ्या दिवशी कुणीतरी सुप्रभातचं फूल पाठवेपर्यंत!

मला हसू आलं, मग राग आला, आणि मग लक्षात आलं की राग स्वतःचाच आलाय. म्हणून हे लिहितेय. नातेवाईकांनी रागावू नये. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी आठवणी. त्या खोट्या नाहीत, आणि मला त्या कुणापेक्षा कमी प्रिय नाहीत. मे महिन्यात महाडहून पाचाडच्या एसटीने जायचं, उतरून वाडीकडे चालायचं आणि डोक्यावर रायगडाचा काळा कडा. आजी ओटीवर बसलेली असायची. आल्या आल्या गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. काठवटीत पीठ मळून ती भाकरी हातावर थापायची, पोळपाट तिला ठाऊकच नव्हता. पापुद्रा फुगला की त्यात बोटाने भोक पाडून आत तेल-मीठ सोडायची, तो मान घरातल्या सगळ्यात लहान पोराचा. आगोटीच्या आधी महाडच्या बाजारातून सुकट, बोंबील, मीठ, मिरची, कांद्याच्या माळा अशी चार महिन्यांची बेगमी यायची. पहिला पाऊस झाला की टाकळा, मग कुरडू, भारंगी, कर्टोली. रात्री मामा बॅटरी घेऊन ओहोळात खेकडे धरायला जायचा आणि आम्ही डबा धरून मागे. हिवाळ्यात कडव्या वालाचं बिरडं. वाल सोलता सोलता बायकांच्या गप्पा अशा रंगायच्या की सालं भांड्यात आणि वाल केरात.

आणि बोलणं! निघताना "जातो" म्हटलं की आजी हातातलं काम टाकून ओरडायची, "येतो म्हण!" बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. पावसालाही वय होतं. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. आजी ओटीवर बसून म्हणायची, "तरण्यानं काय केलं नाय, आता म्हाताऱ्याकडं बघायचं." आम्ही खो खो हसायचो. आज हवामानाचं ॲप मिलिमीटर सांगतं, पण हसवत नाही.

हे सगळं आठवलं की बरं वाटतं. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की आपण आठवताना चाळणी लावतो. भाकरी आठवते, भाकरीचं पीठ कुठून आलं ते आठवत नाही.

नाचणी कशी होते ते माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, जिथे भाताचं पाणी ठरत नाही. उन्हाळ्यात कवळ तोडायचं, वाळवायचं, पालापाचोळा-शेण घालून राब भाजायचा. पाऊस पडला की त्यात पेरायचं. रोप वीतभर झालं की आषाढाच्या पावसात, डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन, वाकून उतारावर लावायचं. मग बेणणी. मग कणसं भरली की रानडुकरांची राखण. मग विळ्याने कणीस कणीस कापायचं, वाळवायचं, बडवायचं, पाखडायचं, दळायचं. तेव्हा कुठे ती भाकरी, जिच्यावर आपण लोण्याचा गोळा ठेवून फोटो टाकतो.

गेल्या साली मामा-मामीच्या त्या तुकड्यात दोन मण नाचणी झाली. म्हणजे ऐंशी किलो धरा. केंद्र सरकारने नाचणीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ४८८६ रुपये केला होता. वाढ मोठी आहे, २०१३-१४ मध्ये तो १५०० होता, आणि २०२५-२६ मध्ये भाताच्या दुपटीहून जास्त होता. पण गुणाकार करून बघा. ऐंशी किलोचे चार हजारही होत नाहीत. दोन म्हातारी माणसं, चार-पाच महिने, चार हजार! आणि डोंबिवलीच्या मॉलमध्ये मी नाचणीच्या कुकीजचा जो हातभर नसलेला डबा घेतला तो शंभराच्या वर. म्हणजे मामीची दोन किलो नाचणी.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेही भारताच्याच पुढाकाराने. तेव्हापासून नाचणी एकदम मोठी झाली. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम वगैरे. हे आता आम्हाला आहारतज्ज्ञ सांगतात. माझी आई सांगते की शाळेत डब्यात काळी भाकरी नेली म्हणून पोरी तिला चिडवायच्या आणि ती डबा पदराआड धरून खायची. ज्या भाकरीची आपल्याला लाज होती तिचंच आता आपल्याला कौतुक आहे. दोन्ही वेळा पिकवणारीला कुणी काही विचारलं नाही.

आता तुमचे आक्षेप. ते मला पाठ आहेत, कारण मीही ते वापरलेत.

पहिला: "गरिबीचं उदात्तीकरण नको." एकदम मान्य! नालासोपाऱ्याची मावशी स्पष्ट म्हणते, "आम्हाला भाकरी आवडायची म्हणून नव्हतो खात, भात पुरायचा नाही म्हणून खायचो." श्रावणात कणगीचा तळ दिसायचा तेव्हाचे दिवस तिला परत नकोत आणि कुणालाच नकोत. पाऊस म्हटलं की आपल्याला भजी सुचतात, पण २०२१ च्या जुलैत याच महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. डोंगरात राहणं म्हणजे चित्र नव्हे. पण मावशी, तुझ्याच बोलण्यातून माझा मुद्दा निघतो. ते कष्ट आजही कुणीतरी करतंय. गरिबी नको म्हणणारा माणूस गरिबाच्या मालाला नीट भाव देतो. आपण भावही देत नाही आणि वर "गेले ते दिवस" म्हणतो. गेले कुठे? मामीचे तर चालूच आहेत.

दुसरा: "आता पर्यटन आहे, त्यातून हे टिकेल." रायगडाचा रोपवे १९९६ साली सुरू झाला, खालचं स्टेशन आमच्या हिरकणीवाडीतच. चौदाशे-पंधराशे पायऱ्यांचा गड पाच मिनिटांत. त्याने काहींना रोजगार मिळाला, ताक विकणाऱ्या, झुणका-भाकर करणाऱ्या बायांच्या हातात चार पैसे आले, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ताटात भाकरी आली म्हणजे उतारावर नाचणी टिकली असं नाही. मागच्या खेपेला मी तिथे जेवले आणि पीठ कुठलं विचारलं. बाजारातलं. त्या बाईचं काय चुकलं? गिऱ्हाईकाला भाकरी हवी असते, वरकस नको असतं. गिऱ्हाईक म्हणजे आपणच.

तिसरा: "आम्ही नोकरी सोडून शेती करायची का?" नाही हो. कोण म्हणतंय? पण जरा मागच्या पिढीकडे बघा. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची, जेवण खानावळीत. त्यांनाही गाव आठवायचं. पण त्यांची आठवण दर महिन्याला मनिऑर्डरच्या रूपाने पोस्टमन घेऊन यायचा. शिमगा-गणपतीला ते येत आणि जमलं तर लावणीलाही खाडा करून येत. १९८२ च्या संपाने ते सगळं मोडलं, ती वेगळी गोष्ट. आयर्लंडच्या लोकांबद्दल वाचताना मला हेच दिसलं. बटाटा-कोबी आणि सोडा घातलेल्या पावाच्या आठवणी काढत ती माणसं अमेरिकेत राहिली, पण अमेरिकेच्या पत्रातून डॉलर घरी जात राहिले. आठवण काढणाऱ्याचा हात खिशात जायचा. आपला हात अंगठ्याच्या चित्रावर जातो आणि तिथेच थांबतो.

आणि हिरकणी! जिच्या नावाने वाडी आहे तिची आख्यायिका सगळ्यांना तोंडपाठ. दूध घालायला गडावर गेली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून अंधारात कडा उतरली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला. २०१९ मध्ये सिनेमाही आला. ती उतरली ते सगळ्यांना माहीत आहे. पण ती रोज दुधाची चरवी डोक्यावर घेऊन चढत होती, हे कधी कुणाच्या मनात येतं? एका रात्रीचा बुरूज झाला, रोजच्या चढणीचं काही झालं नाही. आपल्या आठवणी अगदी अशाच आहेत. चुलीपुढची आजी आठवते. कवळाचा भारा घेऊन चढणारी आजी आठवत नाही.

मामी यंदा नाचणी लावणार नाही म्हणतेय. गुडघे गेलेत. मामेभाऊ महाडच्या एमआयडीसीत पाळी करतो, त्याला जमत नाही. एकदा बी मोडलं की पुढच्या साली मागायचं कुणाकडे? आजीने मडक्यात राखेत ठेवलेलं बी मामीने जपलं, इथवर आलं. ते बी संपेल तेव्हा ग्रुपवर कुणाला कळणारही नाही. (आजी असती तर म्हणाली असती, संपलं म्हणू नको. पण मग काय म्हणू?)

तर मंडळी, माझं म्हणणं साधं आहे. ज्यांना भाकरी आठवते त्यांनी मामीची नाचणी विकत घ्यावी, हमीभावाने नव्हे, मॉलच्या भावाने. घासाघीस नको, आजोळ आहे ते. ज्यांना चार दिवस रजा काढता येते त्यांनी आषाढात यावं. आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांनी निदान घरातल्या पोरांना "बाय" ऐवजी "येतो" म्हणायला शिकवावं. त्याला पैसे पडत नाहीत.

मी स्वतः रजा टाकली आहे. मला लावणी येत नाही, कंबर धरणार हेही माहीत आहे. मामीला फोन करून सांगितलं तर पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "ये गं बाय. पन फोटू काढाय येऊ नको, आवान काढाय ये." मग परत म्हणाली, "थोडं लावू मंग. बियापुरतं तरी."

असो, खूपच लांबलं. गेल्या सालची अजून वीसेक किलो शिल्लक आहे. किती हवी ते कळवा. "वा, छान लिहिलंस" एवढंच कळवणाऱ्याला मी उलट विचारणार आहे, "किती किलो?"