खडकवासल्याआधीची पायरी

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला, तरी तिथे मराठी मुले मोजकीच असत. ही उणीव भरून काढण्यासाठी राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. निवडलेली मुले अकरावी-बारावी तिथेच राहून करतात. प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेला ९०० गुण, त्यांतले ३०० गणिताचे. लेखीचे गुण एक वेळ घोकून मिळतील. पण ९०० गुणांचीच एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, पाच दिवसांची मुलाखत घोकंपट्टीला दाद देत नाही. तिथे अंधुक चित्र तीस सेकंद दाखवून गोष्ट लिहायला लावतात, दोर आणि फळी देऊन गटाला अडथळा ओलांडायला सांगतात. खरी तयारी लागते ती याची. मुलींना प्रबोधिनीची परीक्षा २०२१ मध्ये खुली झाली. त्यांच्यासाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली.