शेवटच्या युनिटचा भाव

मे महिन्याचे वीजबिल हाती पडले, की पुण्यातल्या बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते : मीटर पळतोय. फेब्रुवारीत दीड-पावणेदोन हजारांत भागलेले बिल उन्हाळ्यात चार हजारांच्या पार जाते आणि घरातली मंडळी पंखे, दिवे, पाहुणे असा हिशेब लावत बसतात. हिशेब काही जुळत नाही. वापर फार तर दुप्पट झाला असेल, मग बिल अडीचपट कसे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बिलावरच छापलेले असते, पण ते सामान्य माणसाला वाचता येईल अशा रीतीने कधीच छापलेले नसते. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

एक उदाहरण घेऊ. १ एप्रिल २०२४ पासून महावितरणच्या घरगुती ग्राहकांना पहिल्या १०० युनिटना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या पुढे १६ रुपये ६४ पैसे असा वीज आकार लागू झाला. प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा. या सगळ्यावर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या शंभरातले युनिट सुमारे ६ रुपये ८० पैशांना पडते, एकशे एकावे १३ रुपये ३० पैशांना, तीनशे एकावे सव्वाअठरा रुपयांना आणि पाचशे एकावे साडेवीस रुपयांच्याही वर. त्यानंतर दर बदलले. २८ मार्च २०२५ चा वीज नियामक आयोगाचा आदेश, त्यावर महावितरणची फेरविचाराची मागणी, मग २५ जूनचा नवा आदेश असे बरेच काही झाले आणि पुढेही होत राहील. पैशांचे आकडे हलतात, टप्प्यांची ही चढण मात्र कायम आहे.

आता कोथरूडमधले दोन खोल्या आणि हॉलचे घर डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारीत १७० युनिट, मे महिन्यात ३४०. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला, तर २०२४ च्या दराने पहिले बिल १,६१३ रुपयांचे होते आणि दुसरे ४,०७० रुपयांचे. युनिट दुप्पट, रक्कम अडीचपट. यात मीटरचा काही दोष नाही. वाढलेली सगळी युनिट वरच्या, महाग टप्प्यांत जाऊन बसली, एवढेच झाले.

इथे एक गैरसमज खोडून काढला पाहिजे. तीनशेच्या पुढे एक युनिट गेले की सगळीच्या सगळी युनिट महाग दराने लागतात, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. पहिली शंभर युनिट स्वस्तातच राहतात, जादा दर फक्त त्या-त्या टप्प्यातल्या युनिटना. म्हणून बिल कमी करायला निघालेल्या माणसाने सगळ्या घराला काटकसरीत लोटण्याची गरज नाही. त्याला वरची पन्नास-नव्वद युनिट काढायची आहेत. याच घराने ३४० वरून २५० वर वापर आणला, तर युनिट सव्वीस टक्क्यांनी घटतात आणि बिल चौतीस टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १,४०० रुपयांनी उतरते.

बिल न समजण्याची किंमत महाराष्ट्राने २०२० च्या उन्हाळ्यात मोजली आहे. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, मीटर वाचन थांबले, हिवाळ्यातल्या महिन्यांच्या सरासरीने बिले निघाली. नेमका तोच उन्हाळा लोकांनी चोवीस तास घरात काढला होता, आणि १ एप्रिलपासून नवे दरही लागू झाले होते. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन होऊन तीन महिन्यांचा फरक एकाच कागदावर आला, तेव्हा राज्यभर संताप उसळला. महावितरणने टप्प्यांचा लाभ महिन्यांच्या हिशेबाने विभागून दिला होता, म्हणजे तीन महिन्यांच्या युनिटना एका महिन्याचे टप्पे लावले नव्हते. पण हे समजावून सांगायला मेळावे, वेबिनार, मदत कक्ष असा सगळा खटाटोप करावा लागला. सरकारने सवलतीचे आश्वासन दिले आणि ते मागेही घेतले. पैशांइतकाच विश्वासही त्या जूनमध्ये गेला, आणि नवा मीटर बसवायला माणूस आला की दारातच वाद होतात, त्यामागे तो जून आहे.

त्यातून बिलाच्या छपाईत काय सुधारले? आजही त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, गुणक अवयव असे शब्द दाटीने बसलेले असतात. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक बिलावर ठळक अक्षरांत एक ओळ असावी : या महिन्यातले तुमचे शेवटचे युनिट करांसह इतक्या रुपयांना पडले, आणि पंचवीस युनिट कमी वापरली असती तर बिल इतके आले असते. ज्या संगणकातून बिल निघते, त्याला हे गणित अवघड नाही. दरवाढीच्या सुनावण्यांत पुण्यातला ‘प्रयास’ ऊर्जा गट तीन दशके आकडेवारीनिशी ग्राहकांची बाजू मांडत आला आहे. ती दृष्टी घराघरांतल्या कागदापर्यंत पोहोचवणे हे वितरण कंपनीचे काम आहे, स्वयंसेवी संस्थेचे नव्हे.

तोवर ग्राहकाने स्वतः काय पाहावे? पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीत जाऊन आपल्या मीटरसमोर दोन मिनिटे उभे राहावे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० इंपल्स किंवा तसाच आकडा लिहिलेला असतो. त्याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. घरातला मुख्य स्विच बंद करून खाली आलात, तर दिवा थांबला पाहिजे. तो थांबत नसेल, तर कुठे तरी वीज झिरपते आहे किंवा दुसऱ्याची वायर आपल्या मीटरवर आहे. नव्या इमारतींत दोन सदनिकांच्या मीटरची अदलाबदल झाल्याचे प्रकारही घडतात, आणि ते उघडकीला आणायला याहून सोपी चाचणी नाही. मग एकच जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा लावून पाहा : मिनिटाला चार वेळा लुकलुक. दोन हजार वॅटचा गिझर लावा : मिनिटाला शंभरावर. कोणती वस्तू काय खाते, हे अशा दोन मिनिटांत जेवढे डोक्यात बसते, तेवढे कुठल्याही माहितीपत्रकाने बसत नाही.

पंख्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो गरिबाचा, एसी श्रीमंताचा, म्हणून वाढीव बिलाचा दोष एसीला. पण जुना पंखा दिवसाला बारा तास चालला, तर महिन्याला २७ युनिट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तीस वॅटच्या आसपास चालतो, त्याला अकरा युनिट पुरतात. तीन पंखे बदलले की अठ्ठेचाळीस युनिट वाचली, आणि वाचली ती वरच्या महाग टप्प्यातली. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही तारांकन सक्तीचे आहे, ते बघून घ्यावे. एसीचे म्हणाल, तर दीड टनाचा यंत्रसंच रात्री पाच तास चालला की महिन्याला दीडशेच्या आसपास युनिट जातात. तापमान एक अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. वीसऐवजी चोवीसवर ठेवून सोबत पंखा हळू सोडला, तर तीस-पस्तीस युनिट सहज निघतात. दिवसरात्र चालू राहिलेल्या सेटटॉप बॉक्सची पाच-सात युनिट धरली, की वर सांगितलेली नव्वद पुरी झाली. कोणी घामाघूम होण्याची गरज पडली नाही.

हिवाळ्यात हीच जागा गिझर घेतो. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीसवर न्यायला जवळपास अर्धे युनिट लागते. चार माणसांच्या घरात महिन्याला साठेक युनिट झाली. पुण्यात हे दुःख मोठे, कारण उपाय डोक्यावर असून नसल्यासारखा आहे. महापालिकेने नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचा केला, बसवणाऱ्याला मिळकतकरात सवलत दिली. गच्च्यांवर नळ्यांच्या रांगा दिसतात, पण त्यांतल्या किती चालू आहेत? टँकर आणि बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार बसतात, बिल्डर निघून गेलेला असतो, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर सभेत वाद होतो आणि एकेक घर गपचूप विजेचा गिझर लावते. कर सवलत देणाऱ्या पालिकेने वर्षाला एकदा बंब चालू आहे का, एवढे तरी पाहावे.

नव्या टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणाऱ्या (टाइम ऑफ डे) मीटरबाबत दोन शब्द. १ जुलै २०२५ पासून ज्यांच्याकडे हा मीटर आहे, त्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळते. दिवसा सौरवीज मुबलक असते, हे त्यामागचे कारण योग्यच. मात्र दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात नऊ ते पाच कुलूप असते. त्यांना वॉशिंग मशिनच्या टायमरपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. आणि नव्या मीटरवर शंका घेणाऱ्याला ‘मीटर अचूक आहे’ असे छापील उत्तर पाठवून भागणार नाही. तक्रार आली की शेजारी दुसरा मीटर जोडून महिनाभर दोन्हींचे आकडे त्याच्यासमोर लिहावेत.

चुकीच्या बिलाविरुद्ध दाद मागण्याची वाट आहे, ती मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. बिलावर मीटरची स्थिती ‘लॉक’ किंवा ‘फॉल्टी’ अशी सलग दिसत असेल, तर बिल सरासरीने येते आहे आणि पुढे मोठ्या फरकाचा धक्का ठरलेला आहे. तेव्हाच लेखी अर्ज द्यावा. शाखा कार्यालयात दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. दोन वर्षांपूर्वीची थकबाकी बिलात सतत दाखवत आणलेली नसेल, तर ती आता वसूल करता येत नाही, असे विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ (२) मध्ये आहे. उन्हाळ्यात येणारे सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल हा मात्र दंड नव्हे. वर्षभराच्या सरासरीच्या दोन महिन्यांइतकी ठेव ठेवावी लागते आणि तिच्यावर व्याज मिळते.

सर्वांत जास्त मार बसतो तो भाडेकऱ्याला. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतल्या वाड्यांत, कॉट बेसिसवर राहणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या खोल्यांत एका मीटरवर चार-पाच बिऱ्हाडे असतात. प्रत्येकाचा वापर साठ-सत्तर युनिटचा, म्हणजे स्वतंत्र मीटर असता तर सगळे पहिल्याच टप्प्यात राहिले असते. एकत्र आले की शंभराची, कधी तीनशेचीही रेघ ओलांडली जाते, आणि सबमीटरवर मालक सरसकट एकच भाव लावतो. सर्वांत कमी वापरणारा पोरगा अशा रीतीने शहरातली महाग वीज विकत घेतो. विद्युत कायद्याच्या कलम ४३ नुसार जागेचा मालकच नव्हे, तर कायदेशीर ताबेदारही वीजजोडणी मागू शकतो. प्रत्यक्षात मालकाच्या ना हरकत पत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ही अडवणूक आयोगाने आणि महावितरणने मिळून दूर केली पाहिजे. टप्प्यांचे दर कमी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवलेले आहेत, तर ती सोय त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

उरले ते सोसायटीचे सामाईक मीटर. पालिकेचे पाणी खालच्या टाकीत पडते, ते पंपाने गच्चीवर चढवायचे, शिवाय लिफ्ट, जिने, पार्किंग. या मीटरलाही घरगुतीच टप्पे लागतात, आणि महिन्याला दोन हजार युनिट जाळणाऱ्या चाळीस सदनिकांच्या सोसायटीत पाचशेच्या पुढची दीड हजार युनिट सगळ्यांत वरच्या दराने जातात. २०२४ च्या भावाने हे बिल ३८ हजारांच्या घरात, म्हणजे घरटी साडेनऊशे रुपये. देखभाल खर्चात ते मिसळलेले असल्याने कोणाच्या डोळ्यांत येत नाही. दहा किलोवॅटचे सौर पॅनेल महिन्याला बाराशे युनिट देतात, आणि ती बरोबर या महाग टप्प्यातून वजा होतात : महिन्याला चोवीस-पंचवीस हजार. १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. जागा लागते हजार चौरस फुटांची. पैसे दोन वर्षांच्या आतबाहेर वसूल होतात. आड येते ते वेगळेच : जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालेले नाही, गच्चीवर बिल्डरचा दावा आहे, वरच्या मजल्याला गळतीची धास्ती आहे, आणि ‘पुनर्विकास होणारच आहे, मग कशाला’ हे वाक्य दहा वर्षे म्हटले जात आहे. सांगाडा नटबोल्टचा असतो, पुनर्विकासाच्या वेळी तो उतरवून दुसरीकडे नेता येतो. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. या वेळच्या सभेच्या नोटिशीला सचिवांनी सामाईक मीटरची बारा महिन्यांची बिले आणि गच्चीवरच्या मोकळ्या जागेचे माप जोडावे.