कोळंबीचा रोग निघोज्यापर्यंत

निघोजे गावात कोळंबी पिकत नाही, बर्फातून येते. म्हणून तिच्या रोगाशी आपला संबंध नाही, असे इंद्रायणीकाठी समजू नये. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने १९९४-९५ पासून भारतातील कोळंबीशेती अनेकदा झोपवली. बाधा दिसली की तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळे तळे मरते. माणसाला अपाय नाही, पण खेकडे आणि गोड्या पाण्यातली कोळंबीही हा विषाणू वाहतात. शिवाय गोठवल्याने तो मरत नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ च्या अखेरीस लोगन नदीकाठची शेती बसली. संशयितांत आयात केलेली कच्ची कोळंबी होती, कारण काही जण ती गळाला आमिष म्हणून लावत. सरकारने काही महिने आयातच थांबवली.

आपल्याकडे व्हॅनामेई जातीच्या कोळंबीच्या परदेशी प्रजनकांसाठी चेन्नईत विलगीकरण आहे, ते योग्यच. पण तळ्याबाहेर पडलेल्या मालाकडे कोण पाहते? रोग दिसताच शेतकरी कोळंबी घाईने काढून विकतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा! त्याला विमा आणि भरपाई हवी. बाजारात मात्र मत्स्यव्यवसाय विभागाने एवढे तरी बजावावे: कच्ची डोकी-सालपटे नदीत टाकू नका, कच्ची कोळंबी गळाला लावू नका.