लग्नगडी आणि संगणक

पूर्वपक्ष असा: नीतिशास्त्रज्ञांचे अडीच हजार वर्षांत एकमत झाले नाही, मग कृत्रिम बुद्धिमत्तेला नीती शिकवायला त्यांना कशाला बोलवायचे? लोक कशाला बरे म्हणतात ते मोजा आणि तेच यंत्राला शिकवा.

ही मोजणी 1944 साली ठाणे जिल्ह्यात केली असती तर? लग्नासाठी सावकाराचे पैसे घेतलेला वारली बायकोसह त्याच्याकडे राबायचा. त्याला नावच होते ‘लग्नगडी’. सावकाराला ते रास्त वाटे, गावाला रिवाज वाटे, पुष्कळदा खुद्द गड्यालाही आपले देणे वाटे. यंत्र हे सारे इमानाने शिकले असते, आणि या वेठीविरुद्धचा 1945चा वारल्यांचा उठाव त्याने बिघाड म्हणून नोंदवला असता.

मोजणी मोठी केली म्हणून सुटका नाही. ब्रेक निकामी झालेल्या चालकविरहित गाडीने कोणाला वाचवावे, या ‘मॉरल मशीन’ प्रयोगात (निष्कर्ष 2018) 233 देश-प्रदेशांतून सुमारे 4 कोटी निर्णय जमले. बेघर आणि हुद्देदार यांत एकूण कौल हुद्देदाराकडे झुकला! टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) हाच दोष दाखवला होता: कौरवांची सेना अकरा अक्षौहिणी, पांडवांची सात; डोकी मोजून न्याय कसा ठरणार? कर्त्याची बुद्धी पाहा, हा त्यांचा पुढचा उपाय मात्र इथे मला अपुरा वाटतो. यंत्राच्या बुद्धीत डोकावणार कोण?

मतभेदांचे भांडवलही उगाच केले जाते. मिल परिणाम बघतो, कांट माणसाला निव्वळ साधन करू नका म्हणतो. लग्नगड्यापाशी दोघांच्या वाटा मिळतात. संवैधानिक नीतिमत्ता उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बजावले. माणसांना जी शिकावी लागते, ती यंत्राला आपोआप कशी येईल?

आजही भिवंडी-वाडा पट्ट्यातली कातकरी कुटुंबे बयाणा (आगाऊ उचल) घेऊन वीटभट्टीवर जातात. उद्या अंबाडी नाक्यावर कोणी फोनला विचारले, “बयाणा घेऊ का?” तर मोजणीचे उत्तर तयार आहे: सगळे घेतात. मला हवे ते यंत्र आधी विचारील, बयाणा फिटेपर्यंत भट्टी सोडायची मुभा आहे का? नसेल, तर 1976च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज वसूल करता येत नाही, हे सांगेल. आणि घरात दाणा नाही म्हणून तो तरीही “घेतो” म्हणाला, तर उपदेश न करता रोजच्या विटांचा हिशेब त्याच्याच फोनात लिहून ठेवील.