हिंगोलीचा सूर्य आणि मुंबईचं वेळापत्रक

मार्चमधल्या रमजानातली गोष्ट. एका नातेवाइकाने मोबाइलवर इफ्तारचं वेळापत्रक पाठवलं होतं. त्यात त्या दिवशीची वेळ होती ६.४९. इकडे हिंगोलीत ६.३२ च्या सुमारास सूर्य बुडाला, अजान झाली आणि आम्ही खजूर उचलला. माझी नऊ वर्षांची मुलगी मात्र हात आखडून बसली.

"अब्बू, अजून सतरा मिनिटं आहेत. तुमचा रोजा तुटला!"

मी म्हटलं, बेटा, ते मुंबईचं वेळापत्रक आहे. तिचा लगेच दुसरा प्रश्न, "पण मुंबई आपल्याच देशात आहे ना? घड्याळ तर एकच आहे."

तेवढ्यात जेद्दाहहून तिच्या मामूंचा व्हिडिओ कॉल आला. तिथे चार वाजून गेले होते, खिडकीत लख्ख ऊन होतं. तिने विचारलं, "मामू, तुम्ही रोजा किती वाजता सोडणार?" मामू म्हणाले, "साडेसहाच्या पुढे दोन-चार मिनिटं." ती चक्रावलीच. परदेशातल्या मामूंची वेळ आपल्यासारखी आणि आपल्याच मुंबईची वेगळी, हे कसं?

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत हेच विचारलं. "हे परीक्षेत येत नाही," असं उत्तर मिळालं आणि वर्ग हसला. घरी येऊन ती म्हणाली, आता मी नाही विचारणार. हे मला फार लागलं.

खरं तर उत्तर अवघड नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला चार मिनिटं. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे. हिंगोली ७७ अंशांच्या जरा पुढे, म्हणून आपला सूर्य या घड्याळापेक्षा सरासरी २१ मिनिटं मागे. मुंबई ७३ अंशांच्या आसपास, तिथला सूर्य जवळपास ३९ मिनिटं मागे. सौदीचं घड्याळ ४५ अंशांवर आणि जेद्दाह ३९ वर, म्हणजे तिथेही सूर्य २३ मिनिटं मागे. हिंगोली आणि जेद्दाह, दोन्हीकडे सूर्य आपापल्या घड्याळाच्या जवळपास सारखाच मागे आहे. मामूंचं कोडं इथे सुटतं.

घड्याळ ही माणसांनी आपसांत ठरवलेली गोष्ट आहे. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली, तेव्हा मुंबईकरांनी तिला कडाडून विरोध केला. ३९ मिनिटं मागे चालणारी 'मुंबई वेळ' त्या शहरात १९५५ पर्यंत टिकली. रेल्वे, परीक्षा, कचेऱ्या यांच्यासाठी एकच वेळ हवी, यात वाद नाही. पण ती सोयीसाठी ठरवलेली आहे, हे मुलांना सांगायला हवं. नाहीतर देशात सगळीकडे सूर्य एकदमच मावळतो, असं समजून ती मोठी होतात.

मोठ्यांचंही तेच झालंय. मुंबईचं वेळापत्रक हिंगोली, वसमत, कळमनुरीत बिनदिक्कत फिरतं. इफ्तारला त्याने फार तर उशीर होतो. सहेरीला मात्र उलटं होतं. मुंबईच्या वेळेपर्यंत खात राहिलो, तर इथे पहाट होऊन पंधरा-सतरा मिनिटं झालेली असतात. ज्या रोज्यासाठी दिवसभर तहान सोसायची, त्याची सुरुवातच चुकते. आपल्या गावाची वेळ आपल्या मशिदीतून घ्यावी आणि पुढे पाठवण्याआधी वेळापत्रकावर शहराचं नाव वाचावं, एवढंच माझं म्हणणं.

ही चूक आमच्या घरात एका लहान पोरीने दाखवून दिली, आणि तिला मिळालं काय, तर वर्गाचं हसू. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर "उद्या बघून सांगतो" म्हणण्यात कुणाचा कमीपणा होत नाही.

रविवारी आम्ही अंगणात एक सरळ काठी रोवली आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण केली. सर्वांत आखूड सावली बाराला पडली नाही, साडेबाराच्या सुमारास पडली. तिने वहीत वेळ लिहिली, खाली काठीचं चित्र काढलं.

ती वही अजून घरातच आहे. शाळेत ने म्हटलं, तर ती मान हलवते.